अफूच्या वाटेने जैसलमेरकडे

माळव्याची अफू चीनला जात असे, ही गोष्ट इंदुरातील आपल्या जुन्या घरांतून सर्वांनाच ठाऊक आहे. पण ती कोणत्या वाटेने जाई असे विचारले, तर शंभरातले नव्वद जण मुंबईचे नाव घेतील. खरी मौज निराळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मालाचा फार मोठा भाग मुंबईच्या अगदी उलट दिशेने, नीमच, पाली, जैसलमेर असा, वाळवंट तुडवीत उंटांवरून कराचीस जाई. तेथून गलबताने पोर्तुगीजांच्या दमणला आणि मग चीनकडे. कंपनी सरकारला अफूचा व्यापार आपल्या मुठीत हवा होता आणि माळव्यातील सावकार तो देण्यास राजी नव्हते, हे त्याचे कारण. १८२० नंतरच्या दशकात कंपनीने या बाबतीत संस्थानिकांशी करारमदार केले. होळकरांनी सही केली, शिंद्यांनी केली नाही. सही झाली म्हणून माळव्याचा माल वाळवंटाकडे वळायचा थांबला, असे मात्र मुळीच झाले नाही. शेवटी कंपनीने हात टेकले आणि फी घेऊन मुंबईमार्गे माल नेण्याचा परवाना देण्यास सुरुवात केली. १८३५ साली ही फी पेटीमागे सव्वाशे रुपये होती. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला, वाळवंटी वाटेचे तोंड त्यांच्या हाती आले, आणि त्याच वर्षी फी दोनशे झाली. १८४७ पर्यंत ती चारशेवर गेली. सावकारांना आता दुसरी वाटच उरली नव्हती.

एका गाणे शिकवणाऱ्या मास्तराने अफूच्या पेट्यांचा हिशेब कशाला मांडावा, असे वाचक म्हणतील. सांगतो. माझे वडील पखवाजी. नाना पानशांच्या परंपरेतले. होळकर दरबारच्या कलावंतांच्या यादीत त्यांचे नाव १९४६ साली चढले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि यादीच उरली नाही. यात कुणाचा दोष नव्हता. पण ज्या आधारासाठी लहानपणापासून हात घासले तो आधार दोन वर्षांत गेला, हे खरे. १९५५ साली इंदूरला आकाशवाणी आली तेव्हा घराला थोडा दम मिळाला. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. दरबार मी पाहिला नाही, तो ऐकला. होळीचे जलसे, देशभरातून आलेले कलावंत, बिदागीच्या गोष्टी, हे सारे मी कानांनीच पाहिले आहे. वडिलांचे एक सांगणे होते, की जेथे तांडा उतरतो तेथे गाणेही उतरते. राजाच्या पदरी ते फार मागाहून येते. हे बोलणे कितपत खरे, ते पाहावे म्हणून गेल्या माघात शाळेला रजा टाकून मी एकटाच त्या वाटेने निघालो. सामानात एक पिशवी, एक घोंगडी आणि सूर लावायची छोटी पट्टी. सौभाग्यवतींनी बरोबर चिवडा दिला होता, तो रतलामपर्यंत पुरला.

नीमच-मंदसोरकडे माघात खसखशीची शेते पांढऱ्या फुलांनी भरून जातात. आगगाडीच्या खिडकीतून पाहिले तर कुणी धुणे वाळत घातले आहे असे वाटावे. आता ही लागवड सरकारी परवान्याने होते आणि चीक नीमचच्या सरकारी कारखान्यात जातो. तेथे त्याची औषधे होतात. डब्यातील एका शेतकऱ्याने बोंडाला चीर कशी देतात ते मला हवेत बोट फिरवून दाखविले. चीर दुपारनंतर द्यायची, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडायचा. बोटाची ती हालचाल इतकी हळुवार होती, की सतार्‍याच्या मिंडीची आठवण व्हावी.

चित्तोड, उदेपूर आणि मग अरवली ओलांडून बसने पाली. अरवलीच्या त्या बाजूला उतरताच हवा बदलते. ओठ फुटू लागतात, झाडे बुटकी होतात, आणि पाण्याविषयी माणसे वेगळ्याच आदराने बोलू लागतात. पालीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कर्नल टॉडच्या काळी पश्चिम किनारा आणि उत्तर हिंदुस्थान यांच्या व्यापाराची ही मोठी पेठ होती. आज कापड रंगविण्याचे कारखाने आहेत. मात्र याच जिल्ह्यातील पादरला गावच्या कामड जातीच्या बायका तेराताली करतात, ती पाहण्याचा योग आला. बसल्या बसल्या अंगावर तेरा मंजिरे बांधायचे आणि हातातल्या मंजिऱ्याने ते वाजवीत रामदेवबाबांचे भजन म्हणायचे. रामदेवबाबा म्हणजे आपल्या माळव्यालाही परके नव्हेत. भादव्यात आपल्याकडचे शेतकरी ज्या रामदेवऱ्याला पायी जातात, तो पोकरणजवळ याच वाटेवर आहे. अफू गेली, भजन राहिले.

जोधपूरहून सकाळच्या गाडीने फलोदी. हिंदुस्थानातील आजवरचे सर्वांत जास्त तपमान, ५१ अंश, येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले. माघात मात्र पहाटे बोटे आखडत होती. जवळच खीचन नावाचे गाव आहे. ओसवाल व्यापाऱ्यांच्या तांबड्या दगडाच्या हवेल्या ओळीने उभ्या, बहुतेकांना कुलपे. मालक दूरच्या शहरांत व्यापाराला. पण त्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट राखली आहे. दर हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियाकडून कुरजां नावाचे क्रौंच जातीचे पक्षी येथे हजारोंनी उतरतात, आणि गावकरी रोज त्यांना ज्वारी घालतात. दाणे टाकायचे मैदान राखलेले आहे, धान्याचा खर्च देणग्यांतून चालतो. सकाळी उन्हाची तिरीप आली, की आकाशात प्रथम आवाज येतो. शेकडो जुनी किवाडे एकाच वेळी किरकिरावीत असा. मग रांगाच्या रांगा उतरू लागतात.

मारवाडात कुरजांवर गाणी आहेत. आपल्या जात्यावरच्या ओवीतील सासुरवाशीण माहेरच्या निरोपासाठी झुरते. येथील बाई परदेशी गेलेल्या नवऱ्याला या पाखराबरोबर निरोप धाडते. त्या गाण्यांतला 'परदेश' कोणता, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. त्या कुलूपबंद हवेल्यांसमोर उभे राहिल्यावर तो सुचला. मारवाडी माणूस लोटा घेऊन जेथे जेथे गेला तो हा परदेश; म्हणजे कलकत्ता, हैदराबाद आणि आपले इंदूरसुद्धा. सर हुकुमचंदांसारख्यांनी आपल्या शहरात अफूच्या सट्ट्यात पैसा केला आणि त्यातून गिरण्या उभ्या केल्या. आपण काचमंदिर पाहून थक्क होतो. त्या पिढ्यांतील किती मुनिमांच्या बायका मारवाडात पाखरांशी बोलत बसल्या असतील, हे आपल्या सराफ्यात बसून कळत नाही. विरहाची इतकी गाणी एखाद्या मुलुखात का झाली, याचे उत्तर रसशास्त्रात शोधण्यापेक्षा तेथल्या वहीखात्यात शोधावे, असे माझे मत झाले आहे.

एकट्याने प्रवास करणाऱ्याविषयी या मुलुखात प्रथम संशय असतो आणि मग दया येते. "एकलेच? घरचे कुणी नाही?" हा प्रश्न मला दिवसातून चारदा ऐकावा लागला. पण चौघांबरोबर असतो तर कुणी बाजरीचा सोगरा आणि ताक घेऊन जा असे म्हटले नसते. बरोबर माणूस असला की आपण त्याच्याशीच बोलतो; एकट्याला समोर येईल त्याच्याशी बोलावे लागते.

जैसलमेर ११५६ सालचे. पिवळा दगड, संध्याकाळचे ऊन, किल्ल्याच्या आत अजूनही नांदणारी वस्ती, हे सारे पुष्कळांनी लिहिले आहे. १९७४ साली सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' आल्यापासून बंगाली प्रवासी तर येथे यात्रेला यावे तसे येतात. मला पटव्यांच्या हवेल्या पाहायच्या होत्या. गुमानचंद पटव्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला काढल्या. जरीचा व्यापार, सावकारी आणि अफू यांवर हे घराणे वाढले. दगडाला सुईने भोके पाडावीत अशी जाळी आहे. मी पहिल्या मजल्यावरच्या बैठकीत बराच वेळ बसलो. तेथे गादीला लागून एका बाजूस थोडी मोकळी जागा राखलेली दिसते. पहारेकऱ्याला विचारले, ही कशासाठी? तो सहज म्हणाला, "मांगणियारासाठी. शेठजी हिशेब करीत, तो गात असे." ते खरे की प्रवाशाला सांगायची गोष्ट, कोण जाणे. पण मला ते पटले.

मांगणियार म्हणजे शब्दशः मागणारे. जैसलमेर-बाडमेर भागातील ही मुसलमान गायकांची जमात. त्यांचे यजमान बहुतांशी हिंदू, त्यांतही भाटी, राठोड, सोढा असे राजपूत. मांगणियाराच्या प्रत्येक घराला यजमानांची ठराविक घरे वाटून दिलेली असतात आणि ती वारसाने चालतात. यजमानाकडे पोर जन्मले, लग्न निघाले, की याने जायचे, गायचे, घराण्याची वंशावळ म्हणायची. त्याबद्दल धान्य, जनावर, कपडा, पैसा हा त्याचा हक्क. लंगा नावाची दुसरी जमात आहे, त्यांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान, आणि त्यांचे वाद्य सिंधी सारंगी. मांगणियारांचे खास वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा गोल पोकळ भोपळा कोरायचा, त्यावर बकऱ्याचे कातडे ताणायचे, मुख्य तारा आतड्याच्या आणि तरफेच्या पोलादाच्या. गज लांब. आवाज सारंगीसारखा टोकदार नसून घशातल्या घशात बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखा. हमीरा गावच्या साकर खाँ यांना याच वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते वारले. हे संगीत जगापुढे आणण्याचे मोठे श्रेय कोमल कोठारी यांचे. १९६० साली विजयदान देथांबरोबर त्यांनी बोरुंद्याला रूपायन संस्थान काढले आणि गावोगाव हिंडून ही गाणी ध्वनिमुद्रित केली. आपल्याकडे देवासला कुमार गंधर्व माळवी धुनांत रागांची मुळे शोधीत होते, साधारण त्याच काळात.

बाडमेरच्या रस्त्याला एका फाट्यावर बसमधून उतरून नऊ किलोमीटर आत मी अशा एका घरी गेलो. जैसलमेरच्या एका चहावाल्याने चिठ्ठी दिली होती. घरधनी सत्तरीचे, कमायचा वाजवणारे. मी पखवाज्याचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी खाटेवर स्वतःची जागा मला दिली आणि आपण खाली बसले. मी संकोचलो, पण ते ऐकेनात. तीन दिवस राहिलो.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सोरठ गायिला. आधी दुहा, म्हणजे लयीवाचून म्हटलेला दोहा. त्यातच सबंध राग उभा राहतो, आणि मग गीत. आपल्या शास्त्रात सोरठ देसाच्या शेजारी बसतो. तो शेजार येथेही ओळखू आला. पण आपण ज्याला आरोह-अवरोह म्हणतो तसे काही त्यांना सांगता येईना. "सोरठ कसा ओळखायचा?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मास्टरजी, तुम्ही आपल्या मुलाला कसा ओळखता?" मारू, सामेरी, सूहब, जोग, राणो अशी नावे त्यांनी घेतली. राणो हा मूमल आणि तिच्या राण्याच्या कथेचा राग. मूमल लोद्रव्याची, राणा अमरकोटचा. लोद्रवा जैसलमेरपासून हाकेवर, अमरकोट आज पाकिस्तानात. सिंधच्या शहा अब्दुल लतीफांच्या काव्यातही याच नावाचा सूर आहे. आणि आपण नाटकांतून जी मांड ऐकत आलो तिचे नाव या मुलुखाच्या 'माड' या जुन्या नावावरून आले असे मानतात. आपल्या पेटीवर ती बिलावल थाटात नीट बसते. येथे ती कोठेच बसत नाही, चालत राहते.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर मी पालथ्या डब्यावर पखवाजाचे बोल काढले. घरचा नऊ-दहा वर्षांचा नातू कोपऱ्यात होता. तो उठला, खडताळाच्या चार पट्ट्या बोटांत धरल्या आणि माझ्या 'धुमकिट'ला असे उत्तर दिले, की मी थांबलोच. चौपटीत चालता चालता त्याने मध्येच तिस्र घातली आणि समेवर हसला. तालाचे नाव विचारले तर त्याला ठाऊक नव्हते. माझ्या वर्गात मुले ताल आधी वहीत लिहून घेतात. आठवड्यातून दोन वेळा, पाऊण-पाऊण तास. या पोराने बोलायला लागण्याआधी लाकूड हातात घेतले होते.

तिसऱ्या दिवशी मी मनात होते ते विचारले. दरबार गेला तशी माझ्या वडिलांची विद्या एका दिवसात उघडी पडली. तुमचे राजेही गेले, जहागिरी गेल्या, व्यापाराची वाट तर त्याआधीच गेली, मग तुमचे कसे टिकले? ते बराच वेळ गजाला राळ लावीत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांचा यजमान एक. तो गेला की सारे गेले. आमची चाळीस घरे. एक बुडाले, दोन शहरात गेली, तरी उरतात." यजमान वाईट निघाला तर? तर मांगणियार त्याला सोडू शकतो, आणि त्याने सोडलेल्या दारी दुसरा सहसा उभा राहत नाही; मग त्या घरची वंशावळ कोण म्हणणार आणि चारचौघांत त्याची पत काय राहणार? अर्थात सरहद्दीने त्यांचे यजमानही वाटले गेले. त्यांचे आजोबा लग्नाला उंटावरून अमरकोटकडे जात. फाळणीनंतरही काही वर्षे जाणेयेणे होते. १९६५ च्या लढाईने मुनाबावची आगगाडी बंद पडली, २००६ साली पुन्हा निघाली आणि २०१९ साली पुन्हा थांबली. तिकडची अकरा घरे अजून यांच्या नावावर आहेत. वंशावळी पाठ आहेत, म्हणायला दार नाही.

ही व्यवस्था ऐकून मला पहिल्यांदा वडिलांच्या वतीने हेवा वाटला, तो मी लपवीत नाही. पण तो फार टिकला नाही. दुपारी थोरला मुलगा जैसलमेरहून आला. तो प्रवाशांची जीप चालवतो, गळा उत्तम आहे, परदेशच्या दोन मैफिली करून आला आहे. तो वडिलांसमोर गप्प होता. मला फाट्यापर्यंत सोडायला निघाला तेव्हा बोलला. "पॅरिसला मला खुर्ची देतात. गावात यजमानाच्या ओट्याखाली बसतो. बाबांना यात काही वाटत नाही, मला वाटते." मग त्याने २०१७ सालची गोष्ट काढली. त्या नवरात्रात याच जिल्ह्यातील एका खेड्यात, देवीचा संचार व्हावा असा राग नीट गायिला नाही म्हणून एका मांगणियार गायकाचा जीव घेतला गेला, आणि त्या गावची सारी मांगणियार कुटुंबे घरे टाकून निघाली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वर्तमानपत्रातली बातमी आणि जीपच्या आवाजात ऐकलेली तीच गोष्ट यांत फरक आहे. मी काय बोलणार? दरबारात बेसूर झालेल्या गवयाची फार तर बिदागी बुडे.

बायकांचे विचारले, तर तो म्हणाला, घरच्या बायका सगळ्या गातात, बाहेर नाही. रुक्मादेवी या मांगणियार बाईने ती चाकोरी मोडली, ढोलक घेऊन जाहीर मैफिली केल्या. २०११ साली त्या वारल्या. त्याची बहीण वडिलांपेक्षा चांगला सोरठ गाते म्हणे. मी तीन दिवस त्या घरात होतो. भिंतीपलीकडून एकदा पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर एक सूर आला होता, तो तिचाच असावा. रंधा न लागलेल्या लाकडासारखा, पण जागच्या जागी.

फाट्यावर बसला अवकाश होता. रस्त्याच्या खालच्या अंगाला खडीन होता. पालीवाल ब्राह्मणांनी या मुलुखात बसविलेली ही शेतीची युक्ती. उतारावरचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. वर्षाला वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या देशात. पालीवाल एकोणिसाव्या शतकात ही गावे सोडून निघून गेले, कुलधऱ्याची पडकी घरे पाहायला आता तिकीट लागते. बांध मात्र पुष्कळ ठिकाणी अजून चालू आहेत. मुलाने उतरून ओला हरभरा उपटून आणला. आम्ही जीपच्या चाकाशी बसून तो सोलून खाल्ला. इतक्यात त्याच्या फोनवर वडिलांचा निरोप आला. आठ कोसांवरच्या यजमानाकडे नातू झाला होता, संध्याकाळी पोहोचायला हवे, खडताळवाला नातूही बरोबर येणार, जीप हवी. त्याने थोडा वेळ फोनकडे पाहिले. मग दाण्यांची उरलेली मूठ माझ्या पिशवीत टाकली, आणि जीप वळवून घराकडे गेला.